बर

लॅपटॉप कुठल्या बाजूने उघडतो हे विचारायची लाज वाटली, म्हणून मी तो पहिले दोन दिवस बंदच ठेवला.

लाज वाटण्यासारखंच होतं. भोसरी एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो, लेथ शिकलो, टूलरूममध्ये डाय-मेकर झालो आणि आता चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला बसतो. सगळी मिळून चौतीस वर्षं. स्पिंडलचं बेअरिंग जाणार आहे हे मी मशीनकडे पाठ करून, चहा पिता पिता सांगतो. पोरं 'काका' म्हणतात आणि जॉब बिघडला की हाका मारत येतात. अशा माणसाने एचआरच्या मॅडमना "हे उघडायचं कुठून?" असं विचारलं, की जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ती बातमी कॅन्टीनपासून डिस्पॅचपर्यंत पोचलेली असते.

मॅडमनी एका फॉर्मवर तीन ठिकाणी सह्या घेतल्या. म्हणाल्या, "काका, हा आता तुमचा असेट. ऑडिटचे सगळे रिपोर्ट यातच करायचे. कागद बंद."

"ऑपरेटर मॅन्युअल?" मी विचारलं.

त्यांनी खोक्यातून एक घडी काढून दिली. ती मी उलगडत गेलो, उलगडत गेलो, शेवटी टेबल पुरेना. भाषा वीसेक, मराठी नाही. चित्रं सहा. पहिल्या चित्रात एक हात लॅपटॉप उघडत होता, पण घडी नेमकी त्याच्या बोटांवरून गेलेली.

घरी आल्यावर दार लावून प्रयत्न केला. ज्या बाजूला जरा फुगीर, गोलसर दिसत होतं तिथे अंगठा घातला. नाही उघडला. मग सहा इंची स्टीलची पट्टी घातली. पट्टी थोडी वाकली, लॅपटॉप ढिम्म. चाकणचा भुईकोट १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेसमोर जवळजवळ दोन महिने लढवला होता. त्या मातीत पगार घेणाऱ्या लॅपटॉपने दोन दिवस तरी दम धरलाच पाहिजे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी कंपनीची बस मोशीच्या पुढे नेहमीप्रमाणे कोंडीत अडकली. शेजारच्या सीटवरच्या डिझाइनच्या पोराने मांडीवर लॅपटॉप घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत उघडला. तेव्हा कळलं की मी दोन दिवस बिजागरीच्या बाजूने पट्टी घालत होतो. नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकला सगळे शिव्या देतात. मी देत नाही. माझं संगणकशिक्षण त्याच रस्त्यावर झालं आहे.

उघडल्यावर मी सवयीप्रमाणे तीन गोष्टी शोधल्या: नेमप्लेट, ग्रीस निपल आणि इमर्जन्सी. कुठल्याही मशीनवर लाल रंगाचं, छत्रीएवढं बटण असतं. काही गडबड झाली की तळहाताने थाडकन मारायचं, सगळं जागच्या जागी थांबतं. इथे तसं काहीच नाही. आमच्या ट्रेनीला विचारलं. तो डिप्लोमा झालेला, हुशार, कानात सदैव काहीतरी घातलेला.

"काका, कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. तिन्ही एकदम."

"दोन्ही हात लागतात की रे!"

"तीच तर आयडिया आहे. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून."

हे मात्र मला पटलं. आमच्या पॉवर प्रेसलाही दोन्ही हातांची दोन बटणं असतात, म्हणजे स्ट्रोक मारताना दोन्ही हात बाहेरच राहतात आणि बोटं शाबूत. ट्रेनीने पुढे सांगितलं की हे आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरचं डोकं, १९८१ च्या त्यांच्या पीसीच्या वेळचं. आधी त्याने डिलीटच्या जागी एस्केप ठेवलं होतं, पण ती तिन्ही बटणं एकट्या डाव्या हाताने दाबली जायची, म्हणून तिसरं बटण पार पलीकडे नेलं. मला हा ब्रॅडली आमच्या सेफ्टी कमिटीत हवा होता. फक्त आता तिन्ही दाबली तरी लॅपटॉप थांबत नाही. काय करायचंय ते पाच ओळींत विचारतो. इमर्जन्सी मारल्यावर मशीन असं विचारत बसलं तर ऑपरेटरचा हात कोपरापर्यंत आत जाईल.

चालू करायचं बटण मात्र यांनी जिथे ठेवलं आहे, तिथे ठेवणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे. ते डिलीटच्या शेजारी आहे. अगदी खेटून, त्याच आकाराचं, त्याच रंगाचं. आमच्याकडे कोणी स्टार्टचं बटण आणि कुलंटचं बटण असं शेजारी शेजारी, एकाच रंगात बसवलं असतं तर त्याला त्याच दिवशी गेट पास देऊन घरी धाडला असता. कस्टमरचा ऑडिटर समोर बसलेला. मी रिपोर्टमध्ये ०.०५ च्या जागी ०.५ लिहून बसलो. एका शून्याचा फरक, पण आमच्या धंद्यात शून्याचाच पगार मिळतो. झटकन खोडायला गेलो आणि स्क्रीन काळी झाली.

ऑडिटर म्हणाले, "रेकॉर्ड लपवताय का?"

"नाही साहेब, खोडत होतो."

हे उत्तर जास्त वाईट होतं हे मला मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं.

पण खरी गोष्ट सांगायची ती बरची. पहिल्याच आठवड्यात मी कीबोर्डवरून हात फिरवला. टूलरूमच्या माणसाच्या हाताला डोळे असतात. दिसत नाही ते नखाला लागतं. तसं लागलंच. एफ आणि जे या दोन बटणांवर, खालच्या अंगाला, बारीकशी आडवी रेघ वर आलेली. बाकी सगळी बटणं गुळगुळीत. मी चष्मा वर करून बघितलं. बर! मोल्डिंगचा बर! एवढ्या मोठ्या कंपनीचा माल आणि डीबरिंग न करता पास केला? क्वालिटीवाले झोपले होते काय? मला त्या परदेशी बांधवांची मनापासून कीव आली. उद्या कोणाच्या बोटाला लागेल, कंप्लेंट येईल, लॉट परत जाईल.

खिशात झिरो नंबरची पॉलिश पेपरची पट्टी असतेच. हलक्या हाताने, एकाच दिशेने, एकेक मिनिट. नंतर नख फिरवून बघितलं. आरसा. वर चार लोकांना दाखवलंसुद्धा.

त्यातल्या तीन जणांनी "वा काका" म्हटलं. चौथ्या होत्या अकाउंटच्या ताई. त्यांनी टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेली आहे, मराठी ३० आणि इंग्रजी ४०, आणि त्या बोलत बोलत, खिडकीबाहेर बघत चलन टाइप करतात. त्यांनी माझा कीबोर्ड चाचपला आणि घरातलं कोणी गेल्यासारखा हात काढून घेतला.

"काका, ही खूण होती हो. दोन्ही तर्जन्या इथे ठेवायच्या. खाली न बघता बोटांना कळावं म्हणून."

"म्हणजे डेटम?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्ही घासून टाकलंत."

डेटमच होता तो. ज्या जागेवरून सगळी मापं घ्यायची ती जागा. चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की डेटमला हात लावायचा नाही. 'वा काका' म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघे रोज आठ तास लॅपटॉपवर असतात. त्यांनाही ती रेघ कशासाठी हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. मी निदान घासण्यापुरती तरी पाहिली.

तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली. लॅपटॉपवरच्या वस्तूंविषयी मी लोकांना विचारू लागलो. आणि माझ्या लक्षात आलं की "माहीत नाही" हे दोन शब्द आमच्या ऑफिसात अकाउंटच्या ताई सोडल्या तर कोणालाच येत नाहीत.

विमानाचं बटण घ्या. कीबोर्डच्या वरच्या ओळीत एका बटणावर विमानाचं चित्र आहे. मी ते आवाज वाढवायला म्हणून दाबलं आणि इंटरनेट गेलं. ऑफिसमधल्या चौघांनी चार निदानं केली. एकाने सांगितलं केबल तुटली असेल, महामार्गाचं खोदकाम चालूच असतं. दुसरा म्हणाला व्हायरस. तिसऱ्याने बंद करून चालू केला. चौथ्याने पाऊस आला ना, एवढंच म्हटलं आणि तो निघून गेला. शेवटी ट्रेनीने पुन्हा विमान दाबलं. चाकणजवळ विमानतळ होणार, हे ऐकत इथे एक पिढी म्हातारी झाली. खेडला होणार, राजगुरुनगरला होणार, म्हणता म्हणता तो पुरंदरला गेला. आमच्या वाट्याला विमान आलं ते एवढंच, दीड सेंटीमीटरचं, आणि तेही उतरलं की सगळं बंद पाडणारं.

किंवा शटर. मंगळवारी सकाळी पुण्याच्या कस्टमरशी व्हिडिओवर बोलायचं होतं. मला सगळे दिसत होते, मी कोणालाच दिसत नव्हतो. कस्टमरचे साहेब "आपण आहात का?" असं प्लँचेटला बसल्यासारखं विचारत होते. मॅडमनी काहीतरी काढून काहीतरी परत टाकलं. पंधरा मिनिटं गेली. मी ट्रेनीला फोन लावला. तो शॉपवरून ओरडला, "काका, शटर बंद असेल!"

आता, भोसरीत आयुष्य काढलेल्या माणसाला शटर म्हणजे एकच. गुरुवारी उभ्या एमआयडीसीची सुट्टी, त्या दिवशी शटर खाली. "अरे, आज मंगळवार," मी म्हटलं, आणि कस्टमरला दोन मिनिटं थांबवून डिस्पॅचचं शटर बघून आलो. उघडं होतं. तसं येऊन सांगितलंही. मग ट्रेनी स्वतः वर आला, स्क्रीनच्या वर कॅमेऱ्यावरची तांदळाएवढी पट्टी नखाने जराशी सरकवली. मी प्रकट झालो. घाम पुसताना.

भोकांचं प्रकरण मी शास्त्रशुद्ध पद्धतीने घ्यायचं ठरवलं. व्हर्निअर काढला. डाव्या बाजूला चार भोकं, उजव्या बाजूला तीन. एचडीएमआय १४ ला जरा कमी. यूएसबी १२. सी नावाचं चपटं भोक साडेआठच्या आत. हेडफोनचं साडेतीन. ड्रॉइंग काढून बेंचवर चिकटवलं. एवढी तयारी करूनही मी पेनड्राइव्ह इंटरनेटच्या केबलच्या भोकात घातला, कारण त्याचीही रुंदी जवळपास तेवढीच आहे आणि पेनड्राइव्ह तिथे इतका छान बसतो की काय सांगू. गो-नोगो गेजच्या भाषेत सांगायचं तर 'गो' झालं. अर्धा तास फाइल यायची वाट बघितली.

आमच्या शॉपमध्ये पोका-योके नावाची गोष्ट आहे. टोयोटात शिगेओ शिंगोंनी ती रुजवली. अर्थ साधा: चुकीचा जॉब फिक्स्चरमध्ये बसताच कामा नये. चुकायला जागाच ठेवायची नाही. त्यावर आमच्याकडे पोस्टर आहेत, शपथ आहे, वर्षातून एकदा पुरी-भाजीही आहे. या हिशोबाने यूएसबीची जुनी, चौकोनी पिन म्हणजे जपान्यांनी बघितली तर तोंड फिरवून घेतील. दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि एकाच बाजूने जाते. पहिल्यांदा जात नाही. उलटी केली, जात नाही. पुन्हा पहिल्यासारखी केली की जाते. असं का, याचं उत्तर कोणाकडेच नाही. ऑफिसातल्या चौघांनीही एकमताने सांगितलं की आधी तिसऱ्यांदा घालायची.

या पिनेमागे अजय भट्ट आहेत, हे ट्रेनीने सांगितलं. वडोदऱ्याला शिकलेले, म्हणजे आपल्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातले. १९९६ साली पहिली यूएसबी आली तेव्हा त्यांच्या टीमने ती दोन्हीकडून जाणारी केली नाही, कारण मग तारा आणि सर्किट दुप्पट लागली असती आणि खर्चही. हे ऐकून मी त्यांना तत्काळ माफ केलं. कॉस्ट कटिंग! हा तर आमच्याच मीटिंगमध्ये बसणारा माणूस. पुढे सी आली, तिच्यात चोवीस पिना, वर बारा, खाली बारा, कशीही घाला. तेवढी अक्कल यायला जगाला वीसेक वर्षं लागली. आमचं एक फिक्स्चर दुरुस्त व्हायला सहा महिने लागले तर साहेब बोर्डवर नाव लिहितात.

अख्ख्या सामानात मला मनापासून आवडली ती एकच वस्तू. चार्जरची वीट. कारण तिच्यावर नेमप्लेट आहे. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ. आउटपुट २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. गुणाकार केला, ६५ वॅट. जुन्या बल्बाएवढा. वाचून गहिवरून आलं. गर्दीच्या लग्नात कोणीतरी आपल्या गावचं भेटावं तसं झालं.

घरी वेगळीच तऱ्हा. बायकोने आठवड्याच्या आत लॅपटॉपला कव्हर शिवलं, फ्रिजच्या हँडलला आहे त्याच कापडाचं. छान अंगासरशी. ते तिने लॅपटॉप चालू असतानाही काढू नये असं ठरवलं, धूळ बसते म्हणून. तासाभरात पंखा असा ओरडायला लागला की मला वाटलं, आता आपला विषय आला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपच्या पोटाला लावलं आणि मूठ कानाला. जुन्या फिटरचा स्टेथोस्कोप. "बेअरिंग," मी म्हणालो. नात म्हणाली, "आजोबा, खालच्या जाळीवर कापड आहे. त्याला श्वास घेता येत नाहीये." कापड काढलं. बेअरिंग बरं झालं.

खंडेनवमीला मात्र घरच्यांनी कसर ठेवली नाही. एमआयडीसीत त्या दिवशी जशी मशीनं धुऊन पुसून, झेंडूची तोरणं लावून उभी असतात, तसा लॅपटॉप पाटावर ठेवला. हळद, कुंकू, अक्षता, फूल. उघडाच ठेवला होता, आशीर्वाद आतपर्यंत जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी एस हे बटण बसेना. क्वालिटीच्या माणसाला एस लिहिता येत नसेल तर तो ना 'पास' लिहू शकत, ना 'साइझ'. दसऱ्यानंतरचा पहिला लॉट त्यामुळे रिजेक्टच झाला, कारण 'रिजेक्ट'मध्ये एस नाही.

चिमट्याने बटण उचकटलं. खाली अक्षतेचा दाणा होता, हळदीचा, शुभ. पण दाण्यापेक्षा मी बघत राहिलो ते त्याच्या शेजारी. बटणाखाली प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या, कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या, आणि मधोमध रबराची टोपी. गॅरेजमधला कात्री-जॅक आठवा. तोच, नखावर मावेल एवढा. कुठल्याही कोपऱ्यावर दाबा, बटण सरळच खाली जाणार, तिरकं होणार नाही. आणि अशी ऐंशीवर बटणं. ज्याने हा मोल्ड बनवला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्या अर्ध्या तासात बायकोने दोनदा जेवायला बोलावलं, असं ती म्हणते.

मग राहिलं एकच. उजव्या बाजूला, सगळ्यात मागे, एक छोटं आयताकृती भोक. सात बाय तीन. आत ना पिन, ना सोनेरी पत्ती, ना दिवा. नुसतं भोक, कडेला पत्र्याची मजबुती. माझ्या ड्रॉइंगवर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि टूलरूमच्या ड्रॉइंगवर प्रश्नचिन्ह असणं ही नामुष्की.

डिझाइनच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, माइक. मॅडम म्हणाल्या, हवा जायला. साहेबांच्या चिरंजीवांनी, जे परदेशात शिकून आले आहेत, जरा विचार करून सांगितलं, "इट्स लाइक रीसेट," आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. मेंटेनन्सच्या फोरमनने तेल सोडायला सुचवलं. तो माझ्याच पिढीचा आहे. ट्रेनीकडे मोठ्या आशेने गेलो. त्याने कानातलं काढलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "काका, हे फ्युचरसाठी असणार."

संध्याकाळी गेटवर बॅग तपासताना वॉचमनने लॅपटॉप बाहेर काढायला लावला. नंबर रजिस्टरमध्ये उतरवता उतरवता मी सहज त्यालाही विचारलं.

"हे होय? साखळीचं भोक," तो मान वर न करता म्हणाला. "आधी मी मॉलमध्ये ड्युटीला होतो, लॅपटॉपच्या दुकानाबाहेर. टेबलावर मांडलेल्या प्रत्येकाला इथून तार बांधलेली असायची. सायकलला कुलूप लावतो की नाही, तसं. केन्सिंग्टन म्हणायचे त्याला. रात्री सगळी मोजायला माझ्याकडेच असायची."

मी त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगवरचं प्रश्नचिन्ह खोडून 'साखळी, ७ × ३' असं लिहिलं आणि खाली 'तपासले' म्हणून त्याची सही घेतली. तशी तार मागवून आता लॅपटॉप माझ्या बेंचच्या व्हाइसला बांधला आहे. चावी गेटवर असते.